पन्नासपैकी एकतीस

ओहायोतल्या आमच्या शेजाऱ्यांच्या तळघरात कुणीतरी सतत गुळण्या करत असल्यासारखा आवाज येतो. काचेचे पाच-पाच गॅलनचे बुधले, प्रत्येकाच्या बुचात पाणी भरलेली वाकडी नळी आणि तिच्यातून निघणारे बुडबुडे. गृहस्थ रिटायर झालेत. ते बुडबुडे मोजतात.

त्यांचा छंद मीडचा, म्हणजे मधाच्या वाइनचा. घरात दोन प्रौढ माणसं असली की इथे वर्षाला २०० गॅलन वाइन घरी करायला कायद्याची मुभा आहे. मी हिशेब केला : दिवसाला दोन लिटर, एकही एकादशी न पाळता. (महाराष्ट्रात १९४९च्या कायद्याप्रमाणे नुसतं प्यायलाही परवाना लागतो, हे ऐकून त्यांनी माझा हात हळूच थोपटला.) अट एकच, विकायची नाही. मग करायचं काय? वाटायची. आणि फुकटच्या ग्लासाला नावं कोण ठेवणार? मी स्वतः तीन वर्षं "फर्स्ट क्लास" म्हणत आलोय आणि निम्मा ग्लास त्यांच्याच अंगणातल्या हायड्रेंजियाला पाजत आलोय. झाड अजून उभं आहे.

म्हणून स्पर्धा. बक्षिसात पैसा नाही, उलट प्रवेश फी आपणच भरायची. पण परीक्षकाला बाटली कुणाची ते कळत नाही, त्यामुळे तो खरं बोलतो. "मला फक्त खरं ऐकायचंय," असं गृहस्थ म्हणतात, आणि पदक टांगायला भिंतीत खिळा आधीच ठोकून ठेवतात.

पहिला घोळ वर्गवारीचा. मध, पाणी आणि यीस्ट ही झाली साधी मीड. फळं घातली की मेलोमेल, मसाले घातले की मेथेग्लिन, सफरचंदाचा रस घातला की सायझर, द्राक्षांचा घातला की पायमेंट. हा पायमेंट मला आजीच्या फडताळातल्या द्राक्षासवाचा मावसभाऊ वाटला. शिवाय गोड, मध्यम की कोरडी, तेही आधीच लिहून द्यायचं. दोन आठवडे खल करून त्यांनी एकाच बुधल्यातली मीड 'मध्यम' म्हणूनही पाठवली आणि 'गोड' म्हणूनही.

सरकारी टपालखातं दारू घेत नाही, तेव्हा बाटल्या स्वतः गाडीने पोचवायच्या. पॅकिंगला मला बोलावलं. पुण्याहून कैरीचं लोणचं सुटकेसमधून आणणारा माणूस मी. तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोन रबरबँड, वर जुनी बनियन. गृहस्थ भारावून बघत राहिले.

महिन्याने गुणपत्रिका आल्या. पन्नासपैकी १० वासाला, ६ रूपाला, २४ चवीला, १० एकंदर मताला. 'मध्यम'ला ३१, 'गोड'ला २६. एकाने लिहिलं होतं, गोडी जास्त झाली. दुसऱ्याने, गोडी कमी पडली. ३१ गुण म्हणजे त्यांच्या कोष्टकात 'व्हेरी गुड'. मी अभिनंदन करायला हात पुढे केला, तर त्यांचा चेहरा मुलगा नापास झाल्यासारखा. 'व्हेरी गुड'च्या वर 'एक्सलंट' आणि त्याच्याही वर 'आउटस्टँडिंग' असतं, हे मला ठाऊक नव्हतं. आणि दोन्ही कागदांवर एक वाक्य मात्र समान होतं : सडक्या अंड्याचा वास.

"मधात नायट्रोजन जवळजवळ नसतोच," ते मला समजावू लागले. "यीस्ट उपाशी राहिलं की गंधकाचा वास सोडतं. पुढच्या खेपेला खुराक थोडाथोडा, हप्त्याहप्त्याने घालायचा." मग एकदम थांबले. "तुला कधी आला होता तो वास?"

मी हायड्रेंजियाकडे बघितलं.

"खरं सांग. मी मनावर घेणार नाही."

तीन वर्षांची मैत्री, लोणच्याचं पॅकिंग, सगळं आठवून मी धीर केला. म्हटलं, "थोडा येतो. पहिल्यापासून येतो."

त्यांनी ग्लास माझ्या हातातून काढून घेतला.

"तू परीक्षकाची परीक्षा पास झालायस?"