मांजराच्या व्हिसावर

जर्मनीत गेलेला नगरकर दोन-तीन वर्षांत मांजर आणतो आणि एकटेपणापायी आणले असे सांगतो. हे कारण टिकत नाही. सोबतीचा प्राणी कुत्रा. मांजर हाक मारल्यावर मान वळवते, तीही खिडकीकडे. कुत्र्यावर तिथे नगरपालिकेचा कर असतो आणि मांजरावर नसतो, हे नगरी हिशेबाला पटण्याजोगे आहे, पण वाचलेला कर हा गृहस्थ मांजराच्या डॉक्टरकडे व्याजासह भरतो. खरे कारण वेगळे आहे. नोकरी, भाड्याचे घर आणि मुदतीचा परवाना एवढ्या भांडवलावर माणूस परक्या मुलखात राहू शकतो, पण बिऱ्हाडकरू म्हणूनच. तिथे जन्मलेले कुणीतरी आपल्यावर अवलंबून आहे, असे झाले की तो घरवाला होतो. ही बढती त्याला मांजर देते.

पुरावा कागदोपत्रीच आहे. श्रीगोंद्यात किंवा पाथर्डीत मांजराला कागद नसे. कणगीतल्या उंदरांसाठी ते यायचे, उरलेली भाकरी दुधात कुस्करून मिळायची, नाव मनी. बोका असला तर तेवढाही खर्च नाही. जर्मनीतल्या मनीच्या मानेत मात्र पंधरा आकडी चिप असते आणि नावावर निळा युरोपीय पासपोर्ट, जो आयुष्यभर चालतो. मालकाचा दहा वर्षांनी संपतो. शिवाय त्यावर जन्मस्थळ अहमदनगर, आणि 2024 पासून जिल्हा अहिल्यानगर. म्हणजे नव्या कागदांबरोबर जुन्याचा खुलासा जोडणे आले. ज्वारी-बाजरीच्या मुलखातला हा माणूस ‘धान्यविरहित’ असे छापलेले खाद्य जास्त पैसे मोजून घेतो. आणि पगारवाढ मागायला दबकणारा तोच, घरमालकाने कुरकुर केली की 2013 चा निकाल काढतो: छापील भाडेकरारात कुत्र्या-मांजरांवर सरसकट बंदी घालणारे कलम ग्राह्य नाही, असे तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवले आहे. स्वतःच्या हक्काचे एक कलमही त्याला पाठ नसते.

या बाबतीत वालडोर्फचे उदाहरण बोलके आहे. सॅप कंपनीचे हे गाव. संगणकवाल्या भारतीयांना ते नकाशात शोधावे लागत नाही. तिथल्या दक्षिण भागात तुरेवाल्या चंडोलाच्या मोजक्या जोड्या उरल्या, म्हणून 2022 च्या मे महिन्यात प्रशासनाने ऑगस्टअखेरपर्यंत मांजरे घरात कोंडण्याचा हुकूम काढला. मोकळे सोडले तर पाचशे युरो, पक्षी मेला तर पन्नास हजारांपर्यंत दंड. फिरवायचेच तर दोरी बांधून. ज्याच्या गावाकडे उसात बिबट्या असतो म्हणून रात्री माणसे दार लावून बसतात, त्याने इथे वाघाच्या मावशीला दार लावायचे! पण पक्ष्यासाठीची अडवणूक नगरकराला नवी नाही. 1979 च्या माळढोक अभयारण्यात सोलापूरबरोबर कर्जत, श्रीगोंदे, नेवासे हे तालुकेही आले. साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या त्या पट्ट्यात जमिनीची खरेदी-विक्री अडकली, आणि माळढोक दिसेनासा झाला तरी त्याच्या नावाने बोटे मोडणे चालू राहिले. गावी अशी तक्रार करणारा माणूस जमीनमालक असतो, हे लक्षात घ्यावे. परक्या देशात तक्रारीचा तोच अधिकार मिळवायला जमीन लागत नाही, मांजर पुरते.

यावर गावाकडचा आक्षेप ठरलेला: आईबापाला सोडून गेला आणि तिकडे मांजराची उस्तवार करतो. आक्षेप रास्त वाटतो, पण उस्तवारीचा उपयोग कुठे होतो ते पाहावे. डिसेंबरात सुट्टीवर यायचे तर मनीचे कोण करणार? चार वर्षे जिन्यात मान हलवण्यापलीकडे न गेलेल्या शेजारीणबाई किल्ली ठेवून घेतात. जर्मन माणसाकडे घराची किल्ली देणे म्हणजे सोयरीकच. एवढा घरोबा एकट्या माणसाच्या हातून झाला नसता.

दुसरे कुणी म्हणेल, हे मांजर म्हणजे तात्पुरती सोय आहे; माणूस शेवटी परत येणारच. तसे तो स्वतःही दर दिवाळीला फोनवर सांगतो, मनीला घेऊन कायमचाच येतो म्हणून. त्यासाठी तो तिला रेबीजची लस टोचतो, चिप तपासून घेतो, दाखला काढतो. आणि जाता जाता रक्त तपासून प्रतिपिंडांचे प्रमाण पुरेसे असल्याची नोंदही तिच्या पासपोर्टात करून ठेवतो. भारतात यायला ती तपासणी लागत नाही. ती लागते तीन महिने न थांबता पुन्हा जर्मनीत शिरायला.