एकादशीला ‘चि’

आमच्या घरात माझ्या रागाबद्दल दोन मतप्रवाह आहेत. नवऱ्याच्या मते तो अकारण असतो आणि सासूबाईंच्या मते माहेरचा असतो. त्याचा पाळीच्या तारखेशी काही संबंध असावा, ही तिसरी शक्यता मला चाळिशीत सुचली, आणि तीही पनवेलच्या लाईन आळीतल्या एका टेलरकाकांचा छळ केल्यानंतर.

भाचीच्या लग्नासाठी पैठणीवरचं ब्लाउज शिवायला टाकलं होतं. शिवून आलं ते असं सैल, की आत आणखी एक पाहुणी मावली असती. मी दुकानात जाऊन काकांना चार शब्द सुनावले आणि ते आत घ्यायला लावलं. लग्नाच्या दिवशी हुक लागेना. पुन्हा फोनवरून चार शब्द. काका शांतपणे म्हणाले, “ताई, माझी टेप तीच आहे.”

वैद्यकशास्त्र काकांच्या बाजूने होतं. पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं, छाती जड होते, दुखते, आणि पाळी सुरू झाली की सगळं ओसरतं. मी माप दिलं भरतीला, घालून पाहिलं ओहोटीला आणि लग्न निघालं पुन्हा भरतीला. सेफ्टी पिनांच्या भरवशावर उभी राहून मी अक्षता टाकल्या. खरं तर खालूनच सोडल्या, कारण हात वर करायची सोय नव्हती.

मग डॉक्टरीणबाई गाठल्या. चिडचिड, रडू, फुगलेलं पोट, डोकेदुखी, रात्री अकराला श्रीखंडाचा डबा शोधणं, अशी भरघोस यादी वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “यादी छान आहे. तारखा कुठायत?” पाळीआधीचं हे दुखणं रक्ततपासणीत सापडत नाही म्हणे. हार्मोन्सचं प्रमाण बहुतेक जणींत नेहमीसारखंच असतं. त्यांच्या चढउताराला काहींचा मेंदू जास्त संवेदनशील असतो, इतकंच. म्हणून किमान दोन महिने रोजच्या रोज लिहायचं. त्रास पाळीच्या आधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांत यायला हवा, पाळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत जायला हवा आणि मधले काही दिवस बरे जायला हवेत. महिनाभर उदासच वाटत असेल, तर दुखणं दुसरं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्यायचं.

लिहायचं कुठे? मोबाइल चिरंजीवांच्या ताब्यात. राहिलं स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. १९७३ पासून मराठी घरांत संकष्टीपासून दुधाच्या खाड्यापर्यंत सगळं पचवणारी ही वस्तू माझं दुखणंही पचवेल, असं वाटलं. चारचौघांत नको म्हणून सांकेतिक अक्षरं ठरवली: चिडचिडीला ‘चि’, सुजेला ‘सू’, रडण्याला ‘र’.

पहिला स्फोट सासूबाईंचा झाला. “एकादशीच्या चौकटीत ‘चि’? या घरात एकादशीला चिकन?” नवरा मात्र भलताच आज्ञाधारक निघाला. ‘र’ दिसला की रवा आणायचा आणि ‘सू’ दिसलं की बाजारातून सुकट. त्या दिवसांत मीठ कमी खा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. इकडे सूज आली की सुकट यायची आणि सुकट खाल्ली की अंगठी बोटात रुतायची. डब्यांत रवा इतका साठला, की सत्यनारायण घालावा लागला असता.

शेवटी अक्षरांचा उलगडा करावाच लागला. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी असलं काही नव्हतं.” आता मी वाचून तयार होते. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक यांनी या त्रासावर १९३१ मध्ये लिहिलं. १९५३ मध्ये इंग्लंडच्या रेमंड ग्रीन आणि कॅथरिना डाल्टन यांनी ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ (पीएमएस) हे नाव रूढ केलं, म्हणजे नावसुद्धा सासूबाईंपेक्षा वयाने मोठं. हे ग्रीनसाहेब १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे डॉक्टर होते. पुढे या विषयाला हात घालायची हिंमत तिथूनच आली असावी. सासूबाई जरा गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “पाळीच्या आधी आठवडाभर मी तुझ्या सासऱ्यांशी बोलत नसे. पण ते त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.”

मग उपायांची रांग लागली. १८७२ पासून आयुर्वेदिक औषधांच्या धूतपापेश्वरचं नाव सांगणाऱ्या आमच्या पनवेलात काढ्यांच्या सल्ल्यांना तोटा नाही. पण कोणती गोळी, कोणता काढा चालू आहे ते डॉक्टरांना सांगायचं, एवढा नियम मी पाळला. १९९८ च्या एका अमेरिकी अभ्यासात रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत जवळजवळ निम्म्यावर आला होता. हे कळताच मी नाचणीवर तुटून पडले. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम. हिशेब पुरा करायला भाकऱ्यांची चळत लागली असती. “दूध, दही, तीळही खा, आणि कमी पडलं तर गोळी मी देते,” म्हणून डॉक्टरीणबाईंनी घरच्यांची सुटका केली. बी-६ च्या गोळ्या मात्र मनाने खायच्या नाहीत. जास्त डोस दीर्घकाळ घेतला तर नसांना इजा होते. वडाळे तळ्याभोवती चालणं, वेळेवर झोप आणि संध्याकाळचा चहा बंद, यांनी मला खरोखर बरं वाटलं. त्यातला चहा सोडण्याचा राग कोणत्या अक्षराने नोंदवावा, ते तेवढं ठरेना.

एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. काही थोड्या जणींना दर महिन्याला जगणंच नको वाटण्याइतका त्रास होतो. त्याला पीएमडीडी म्हणतात, त्यावर प्रभावी औषधं आहेत, आणि अशा वेळी दोन महिने लिहीत बसायचं नसतं. थेट डॉक्टर गाठायचे किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावायचा.

माझी दोन पानं घेऊन आम्ही उभयता डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ‘चि’, ‘सू’, ‘र’ पाळीच्या आधी शिस्तीत दाटीवाटीने उभे होते. नवऱ्याचा चेहरा खुलला. इतक्यात डॉक्टरीणबाईंचं बोट दुसऱ्याच अक्षरावर थांबलं. “हे ‘टॉ’ काय आहे? हे तर महिनाभर रोज आहे.”

“पलंगावरचा ओला टॉवेल,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. “हे पीएमएस नाही. हे तुमचे मिस्टर आहेत.”

नवरा घाईघाईने म्हणाला, “डॉक्टर, आणखी दोन महिने लिहून बघू या का?”