दाताचा दर

पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये कुत्र्याच्या चाव्याचे दरपत्रकच ठरवून दिले. दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपये. लचका तुटला असेल, तर जखमेच्या दर ०.२ सेंटीमीटरला किमान २० हजार.

म्हणजे भटक्या कुत्र्यांच्या गल्लीत शिरताना खिशात मोजपट्टी हवी!

भरपाई सरकारने द्यायची. अर्ज तपासायला जिल्ह्याच्या उपायुक्तांची समिती, निर्णयाला मुदत चार महिने. कुत्र्याचे काम क्षणात उरकते. त्याला ना समिती लागते, ना कोरम. रेबीजचा विषाणूही बैठकीच्या तारखेसाठी थांबत नाही. तेव्हा चावा बसलाच, तर आधी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, लगेच लस टोचून घ्या. दात मग सावकाश मोजा.