जगातली सर्वांत महाग साखर

ज्या घराचा संसार उसावर चालतो, त्या घरात बसून साखरेला विष म्हणायला छाती लागते. आमच्या पुतण्याची ती हल्ली चांगलीच रुंदावली आहे, त्यामुळे तो खुशाल म्हणतो.

पोरगा पुण्याला नोकरीला. दिवाळीला सांगलीकडे आला की गाडीतून बॅगेच्या आधी प्रोटीनचा डबा उतरतो. डबा एवढा दांडगा की, रिकामा झाल्यावर यात किती ज्वारी मावेल, याच नजरेनं वहिनी त्याच्याकडे बघतात. भाकरी बंद, भात बंद, करंजीकडे पाठ.

"काका, कार्ब्सची गरजच काय? एनर्जी प्रोटीनमधून मिळते की."

मिळते, नाही कुठे म्हणतोय? ग्रॅमला 4 कॅलरी, साखरेइतक्याच. म्हणजे 24 ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं की शंभरच्या आत कॅलरी. केळ्यातही जवळपास तेवढ्याच असतात आणि केळं गदागदा हलवावं लागत नाही. शिवाय प्रोटीन पचवता पचवताच त्यातली पाव-एक ऊर्जा खर्ची पडते.

मी जन्मभर विज्ञान शिकवलं, त्यामुळे गप्प बसणं जमत नाही. प्रोटीन शरीराला हवं असतं ते स्नायूंना, हिमोग्लोबिनला, एन्झाइमना. जाळायचं काम पिठानं आणि चरबीनं करावं, अशी त्याची अपेक्षा. पण यानं भातभाकरी तोडली. यकृतात साठवलेला ग्लायकोजेन दिवसभरात संपतो आणि मेंदूला तर ग्लुकोज हवंच. चरबीपासून ते फारसं बनत नाही. मग यकृत स्वतःच साखर कारखाना काढतं. अमिनो आम्लांतला नायट्रोजन बाजूला करायचा आणि राहिलेल्या मालातून ग्लुकोज पाडायचं. म्हणजे हजारोंची पावडर गिळून पोरगा आत साखरच करतोय! किलोला काय भाव पडतो, ते वहिनींसमोर मी काढलं नाही. सणासुदीचे दिवस होते.

त्याला पटलं नाही. त्याचा तरी काय दोष? थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग हेच सांगत होते, की स्नायू प्रोटीन जाळूनच काम करतात. त्यावर झुरिकचे दोन प्राध्यापक, फिक आणि विस्लिसेनस, 1865 साली आल्प्समधल्या फाउलहॉर्न शिखरावर चालत गेले. चढ 1956 मीटर. आपली कळसूबाई समुद्रापासून मोजली तरी 1646. आदल्या दिवसापासून दोघांनी प्रोटीन बंद केलेलं. खाणं काय, तर तेलातुपात तळलेल्या पिठुळ वड्या आणि गोड चहा. आपल्याकडे असते तर कुणीही साबुदाणावडे बांधून दिले असते, फक्त दाण्याचं कूट घालू नका म्हटल्यावर करणारणीनं तोंड वाकडं केलं असतं. वाटेवरची सगळी लघवी त्यांनी जपून गोळा केली आणि तिच्यातला नायट्रोजन मोजला. त्यावरून जळालेलं प्रोटीन निघालं माणशी साधारण 37 ग्रॅम. एवढ्यातून किती ऊर्जा निघते, ते फिकच्या मेव्हण्यानं, एडवर्ड फ्रँकलंडनं, मोजून दिलं (मेव्हणा असा कामाला आल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही). एवढ्या प्रोटीननं त्यांचं वजन जेमतेम निम्म्या डोंगरापर्यंत गेलं असतं. वरचा निम्मा चढ वड्यांनी आणि चरबीनं चढवला होता.

पुतण्या विचारात पडलेला दिसला. मला जरा बरं वाटलं. पण त्यानं विचारलं, "बाटल्या सोबत नेल्या होत्या की वरच कुठं ठेवल्या होत्या?"

इतका वेळ दादा मुकाट जेवत होते. ऊस, कारखाना आणि भाव सोडून एरवी ते कशात पडत नाहीत.

"तो नायट्रोजन बाजूला करतात म्हणालास, त्याचं पुढं काय होतं?"

"युरिया होतो, दादा. मूत्रपिंडातून बाहेर जातो."

"आपण उसाला घालतो तोच?"

"तोच."

दादांनी हात धुतले, चष्मा लावला, डब्यावरची किंमत नीट वाचली आणि पुतण्याला म्हणाले, "उद्यापासून खोडव्यात जात जा."