आधीचा माणूस

तात्या वायरमन दुकानात आले की चपला दाराशी काढतात, वर बघतात आणि 'च्च' करतात. लक्ष्मी रोडवरच्या आमच्या साडीच्या दुकानात हा 'च्च' ऐकू आला की गल्ल्यावर बसल्या बसल्या मला बिलाचा आकडा दिसू लागतो. पुढचं वाक्य ठरलेलं. "हे काम कोणी केलंय?"

मी बिचाऱ्याने एवढंच सांगितलेलं असतं, की पैठणीच्या काउंटरवरचे तीन दिवे लुकलुकतात. पण तात्यांना दिवे नंतर, आधी आरोपी. गवंड्याला, प्लंबरला, न्हाव्यालासुद्धा एक आधीचा माणूस असतो. तात्यांचा मात्र रोजचा वैरी आहे. त्याला नाव नाही, तोंड नाही. तो फेजला काळी वायर वापरतो, जॉइंटवर चिकटपट्टी म्हणून पुस्तकांना लावायचा सेलोटेप लावतो आणि अर्थिंगची वायर वर कुठेतरी नुसतीच लोंबती सोडून जेवायला जातो, तो जातोच.

एकदा रात्री दुकान बंद केल्यावर आतला एक दिवा दर मिनिटाला डोळा मारायचा. वॉचमनने शटरला लिंबू-मिरची बांधली. तात्यांनी बटणाची प्लेट उघडली आणि समाधानाने मान हलवली. "बघा! फेज तोडायच्या जागी न्यूट्रल तोडलाय. बटण बंद केलं तरी वायरीत थोडा थोडा करंट झिरपतोय. तो आत साठतो, भरला की भप्पकन एकदा पेटतो, परत साठतो. भूतबित नाही शेठ, आधीचा माणूस!" वॉचमनला दोहोंत फारसा फरक वाटला नसावा. लिंबू-मिरची राहिली.

पण खरा प्रसंग गेल्या लग्नसराईतला. नगरहून बस्त्याला माणसं आली होती. नवरीच्या आईने हैदराबादच्या लेकीला दाखवायला पैठणीचा व्हिडिओ काढला, तर मोरांवरून काळे पट्टे सरकताना दिसायला लागले. "अहो, साडीवरून रेल्वे चाललीय," मावशी म्हणाल्या आणि साडी उचलून रंग बघायला थेट दारात, उन्हात गेल्या. सत्तर दिव्यांचं छत करून घेतलेल्या माणसाला याहून मोठा अपमान नाही.

तात्यांना निरोप धाडला. 'च्च' झालं. मग घोडा मांडला, तो धरायला मी उभा राहिलो, कारण पोरं गिऱ्हाइकात होती. तात्या छताच्या भोकात खांद्यापर्यंत हात घालून तिथूनच बोलत होते. "लाइन सेकंदाला ५० हेलकावे खाते. आत भरणी नीट नसेल तर दिवा १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळा फसतो, मोबाइल फसत नाही. भरणी करायला चोकमध्ये कपॅसिटर लागतो, आधीच्याने बसवलाय शेंगदाण्याएवढा."

एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरला तात्या अजून चोकच म्हणतात. ट्यूबलाइटच्या जमान्यात चोक आणि स्टार्टर बदलला की घरी जाता यायचं, ही त्यांची एकमेव हळवी आठवण.

त्यांनी एक ड्रायव्हर खाली काढला, झाकण उचकटलं आणि माझ्या तळहातावर ठेवला. कपॅसिटरचं डोकं पुरीसारखं टम्म फुगलेलं, कडेला तपकिरी ओघळ. "पीओपीच्या वर वारा नाही. दिवसाचे बारा तास हा वर शिजतोय. दहा डिग्री गरमी वाढली की याचं आयुष्य निम्मं. जळली ती चिप नव्हे शेठ, वाळला तो हा." दुसरा दिवा वीस मिनिटांनी विझायचा आणि आपोआप पुन्हा लागायचा. त्याचं तात्यांनी न बघताच सांगितलं: आतला एक टाका सैल, तापला की सुटतो, गार झाला की चिकटतो. चिप एकामागे एक माळेसारख्या असतात. एक मणी तुटला की सगळी माळ अंधारात.

हे सगळं बरोबर असतं, हीच तात्यांची अडचण. माणूस खोटा असता तर मी केव्हाच बदलला असता.

तिसरा ड्रायव्हर काढला आणि तात्या एकदम गप्प झाले. मी खालून बघतोय. ड्रायव्हरच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख होती, आणि तो आकडा मी ओळखला: पायात गाठ मारलेला तात्यांचा दोन. तात्यांनी कानावरच्या पेन्सिलीकडे नकळत हात नेला, मग अंगठ्याला थुंकी लावली आणि तारीख शांतपणे पुसून टाकली. "जुनं काम आहे," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी बिल आलं. तपकीर गल्लीतून आणलेले बारा ड्रायव्हर, वायर, मजुरी आणि शेवटची ओळ: 'आधीचे चुकीचे काम काढणे, रु. ६००'.

मी बोट त्या ओळीवर ठेवलं आणि तात्यांकडे बघितलं. तात्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली.

"शेठ," ते म्हणाले, "दर चोकमागे नव्वद रुपये वाचवायला आधीच्याला कोणी सांगितलं होतं?"

मी गल्ला उघडला.