जाळीतले नाना

कोकणातल्या कुठल्याही वाडीत जा, एक तरी नाना भेटतातच. मुंबईहून निवृत्त होऊन आलेले. सदऱ्याच्या खिशात चष्म्याशेजारी मोजायची टेप. "काय नाना, तब्येत काय म्हणते?" असं विचारलंत की ते म्हणतात, "पश्चिमेची बाजू राहिलीय अजून." ही बाजू पडवीची असते. तब्येतीला नानांकडे बाजू नसते, फक्त गुडघे असतात आणि ते त्यांना पडवीच्या पायऱ्यांवरच आठवतात.

आमच्या वाडीतले नाना दापोलीच्या खालच्या अंगाला, खाडीपासून हाकेच्या अंतरावर राहतात. घर पणजोबांच्या वेळचं, चिऱ्याचं, कौलारू. माजघर, ओटी, आणि पुढे सात फुटांची पडवी, तीन बाजूंनी उघडी. कठड्यावर बसावं, पाय अंगणात सोडावेत, समोर तुळस, तुळशीपलीकडे पोफळी. पाहुणा येतो तो पडवीतच विरघळतो. नानांनी मात्र निवृत्तीनंतर पहिल्यांदा तिथे उभं राहून सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "केवढी जागा वाया गेलीय!"

यात दोष नानांचा नाही, डोंबिवलीचा आहे. तिथे त्यांच्या ब्लॉकला आठ बाय तीनची गॅलरी होती. पहिल्या वर्षी तिला ग्रिल लागलं, तिसऱ्या वर्षी सरकत्या काचा, मुलाच्या दहावीला ती अभ्यासाची खोली झाली आणि सून आली तेव्हा तिच्यात वॉशिंग मशीन शिरलं. मुंबईकराचा हात गॅलरी दिसली की ती आत घ्यायला शिवशिवतो. आठ बाय तीनवर पस्तीस वर्षं काढलेल्या या हाताला इथे तीस फुटांची लांबी सापडली. पुढचं सगळं ओघानं आलं.

सुरुवात डासांपासून झाली. डास आमच्याकडे पणजोबांच्याही वेळी होते. तेव्हा तिन्हीसांजेला नारळाची सोडणं पेटवून धूर करायचे. डास जायचे आणि थोडी माणसंही जायची. नानांना धूर नको होता. त्यांनी तिन्ही बाजूंना हिरवी नायलॉनची जाळी ठोकली. पहिला उन्हाळा तिनं काढला, दुसऱ्यात ती बोट लावलं की शेवेसारखी तुटायला लागली. मग नाना अभ्यासाला लागले. निवृत्त माणसाचा अभ्यास फार वाईट. परीक्षा नसल्यामुळे तो संपतच नाही.

त्या काळात नानांशी कोणत्याही विषयावर बोला, गाडी स्टेनलेस स्टीलवर यायची. "304 नंबरचं स्टील घेऊ नकोस. खाऱ्या वाऱ्यानं त्याला चहाचे डाग पडावेत तसे डाग पडतात. 316 घे. त्यात मॉलिब्डेनम असतं!" मॉलिब्डेनम हा शब्द ते कुलदैवताच्या चालीवर उच्चारायचे. आमच्या वाडीत आज तो दूधवाल्यालाही माहीत आहे. जाळी किती बारीक हवी याचाही हिशेब होता: इंचात एकीकडून 18 तारा, दुसरीकडून 16. सुतार हे सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "आनि नाना, वारा कुठनं येनार?"

"भोकांतून," नाना म्हणाले.

वारा काही आला नाही. खरं म्हणजे निम्मा आला असेल, पण आमच्या हवेत निम्म्या वाऱ्यानं भागत नाही. जुलैत आर्द्रता 90 टक्क्यांना टेकलेली असते. अशा हवेत घामाला वाळायला जागाच नसते. अंगावरून वारा वाहता राहिला तरच माणूस जरा सुखावतो. आमच्या पूर्वजांनी पडवी तीन बाजूंनी उघडी ठेवली ती भिंतीचे पैसे नव्हते म्हणून नव्हे. त्यात पाऊस पडला की जाळीच्या प्रत्येक भोकात पाण्याचा थेंब अडकून बसायचा. लाखो थेंबांचा पडदाच तो. बाहेरचं दिसेना, आतलं वाळेना. नाना तेलकट कागदाच्या पुडीत बांधलेल्या भज्यासारखे आत बसलेले असायचे.

आणि डास? डास होतेच. पण ते बाहेरून येत नव्हते. पडवी जरा शोभिवंत व्हावी म्हणून नानांनी आत बारा कुंड्या मांडल्या होत्या, प्रत्येक कुंडीखाली पाण्याची ताटली. अंगावर पांढरे पट्टे असलेल्या डासाला अंडी घालायला एवढं पाणी पुष्कळ होतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. दर आठ-दहा दिवसांनी नानांच्या पडवीत नवी पिढी वयात यायची आणि 316 नंबरच्या मॉलिब्डेनमयुक्त जाळीमुळे तिला बाहेर पडायला वाट नसायची. बिचारी नानांवर राहायची. ताटल्या काकूंनी एका सकाळी उचलून उकिरड्यावर नेऊन ठेवल्या, तेव्हा तो प्रश्न सुटला. नाना अजून त्याचं श्रेय जाळीला देतात.

मधल्या काळात एक गोष्ट झाली. जाळी डास अडवो न अडवो, मांजर अडवते, हे काकूंच्या लक्षात आलं. दुसऱ्याच दिवशी पडवीत सुकट आली. मग आमसुलं आली. मग मिरगाच्या आधी जी काही आगोट भरायची ती सगळी तिथेच आली, आणि पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चार दोऱ्या आल्या. नानांच्या झोपाळ्यासमोर ओली लुगडी लोंबायला लागली. पेपर वाचताना दर पानाला त्यांना एक परकर बाजूला करावा लागे.

तोपर्यंत नानांची नजर वर गेली होती. आडव्या पावसाची झड जाळीतून थेट झोपाळ्यापर्यंत यायची. पूर्वी लोक पावसाच्या तोंडाला झावळ्यांची झापं विणून पश्चिमेला बांधायचे, दिवाळीच्या सुमाराला सोडून टाकायचे. खर्च जवळजवळ नाही, वारा थोडा तरी येतोच. मी हे सुचवून पाहिलं. "दर वर्षी विणत कोण बसणार?" नाना म्हणाले. चार वर्षं एकाच पडवीच्या मागे असलेला माणूस वेळ नाही म्हणत होता.

त्यांनी कौलांच्या खालून चार फूट पुढे पत्रा काढला. कौलांचं एक बरं असतं, एकावर एक बसूनही ती फटीफटींतून श्वास घेतात. तापलेली हवा वर निघून जाते. पत्र्याला हे माहीत नाही. एप्रिलमध्ये त्याखाली पापड ठेवला तर भाजून निघेल. पहाटे त्याच्या पोटाला दव धरून टपटप खाली. आणि पावसात त्याचा आवाज असा, की नाना-काकूंची भांडणं खुणांनी व्हायला लागली. (काकू म्हणतात, संसारातले ते चार महिने सगळ्यात शांत गेले.) उतार साधण्यासाठी पुढची कड इतकी खाली आली की पाच फुटांवरच्या माणसाला वाकूनच घरात शिरावं लागे. "संस्कार आहेत," नाना म्हणायचे.

मग 3 जून 2020 उजाडला. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि त्यानं दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या केल्या. नानांचे पत्रे दुपारी उठले. सात पत्रे होते. तीन माझ्या आवारात मिळाले, एक शेजारच्या विहिरीवर झाकणासारखा नीट बसला होता, दोन पोफळींवर लटकत होते. सातवा कुठे गेला हे कळलं नाही. वादळानंतर कितीतरी दिवस वीज नव्हती, कौलं मिळत नव्हती, माणसं मिळत नव्हती. त्या काळोखात नाना उघड्या पडवीत कठड्यावर बसलेले मी पाहिले. जाळी लोळागोळा होऊन कोपऱ्यात पडली होती. वारा छान वाहत होता. मला वाटलं, सुटले.

कसले सुटतात! पुढच्या दसऱ्याला पुन्हा जाळी, नवे पत्रे, यावेळी जे-बोल्टनं बांधलेले. कोब्याच्या जागी आरशासारखी गुळगुळीत लादी. दमट हवेत तिला घाम फुटतो आणि नानांच्या दोन्ही व्याह्यांनी तिच्यावर लोटांगण घातलेलं आहे. जाळीच्या आतून सरकत्या काचा. आणि शेवटी पुण्याच्या मुलानं हवेतली ओल शोषणारं यंत्र पाठवलं. नानांनी ते चालू केलं, पण गुदमरायला होतं म्हणून काचा उघड्या ठेवल्या. सकाळी बादली भरलेली. नाना हरखले, येणाऱ्या-जाणाऱ्याला बादली दाखवायला लागले. जाळीतून अरबी समुद्र आत येत होता आणि यंत्र तो बादली-बादलीनं बाहेर काढत होतं. वीजबिल आलं तेव्हा यंत्राची घडी झाली. ते आता सुकटीच्या डब्याखाली आहे.

मी एकदा न राहवून म्हणालो, "नाना, आपल्या जुन्या लोकांनी केलेलं काय वाईट होतं?"

नाना गरम झाले. "जुनं कुठलं? ही मंगलोरी कौलं जुनी? बासेल मिशनवाल्यांनी 1865 साली मंगळूरला कारखाना घातला तेव्हा ती आली. त्याआधी नळीची कौलं, त्याआधी गवत. माझ्या आजोबांनी ही चढवली तेव्हा तुझे आजोबा इथेच उभे राहून हसले असतील!"

हे मला अगदीच वर्मी लागलं, कारण आमचे आजोबा हसले असण्याची शक्यता भरपूर आहे.

गेल्या वैशाखात सुतार वासे बघायला आला होता. ओटीत उभा राहून तो माजघराच्या भिंतीकडे बघत राहिला. त्या भिंतीत गजांची एक खिडकी आहे. ओटीतून माजघरात उघडणारी. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बघायला गजांची खिडकी कोण ठेवतं, हा प्रश्न आम्हा कुणाला कधी पडला नव्हता. सुतार म्हणाला, "नाना, ही भायेरची भिंत हाय. तुमची ओटी पन पयली पडवीच हुती. कुनीतरी बंद केली."

नाना गप्प झाले. मग आत जाऊन त्यांनी ती भिंत हातानं चाचपली, वर वाशांची खाच पाहिली. चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, आता हा माणूस पडवी आहे तशी सोडून देईल. त्यांनी खिशातून टेप काढली, एक टोक सुताराच्या हातात दिलं आणि स्वतः जाळीचं दार उघडून, वाकून, अंगणात उतरले. टेप तुळशीवृंदावनाला टेकली.

"नऊ फूट," नाना ओरडले. "पुढे एक उघडी पडवी काढायची म्हटली, तर जागा आहे. तुळस तेवढी जरा..."

आतून, लुगड्यांच्या पलीकडून काकूंचा आवाज आला, "सासऱ्यांनी एकदा हलवलीय ती! हात लावलात तर तुम्हालाच तिथे लावीन, आणि रोज पाणी घालीन!"

नानांनी टेप सोडली. ती सरसर करत सुताराच्या हातात गेली. मग त्यांनी हळूच मला विचारलं, "उत्तरेच्या बाजूला किती जागा असेल रे?"