ओळखीवाले काका

इंदूरजवळच्या हातोदच्या मराठी घरांत लग्न जमवायचं असो की मोडायचं, निरोप ओळखीवाल्या काकांनाच जातो. जमवताना ते छत्तीस गुण मोजतात, मोडताना वकील. दोन्ही वेळी पहिलं वाक्य एकच, ‘‘माणूस आपल्या ओळखीतला आहे.’’

वकील पारखायच्या त्यांच्या कसोट्या ठरलेल्या. आवाज खणखणीत हवा, पाटी लांबून दिसायला हवी आणि फी ‘काम झाल्यावर’ घेणारा हवा. पाटी आटोपशीर असावी आणि फी निकालावर अवलंबून ठेवू नये, हे बार कौन्सिलचे नियम. म्हणजे काकांच्या पसंतीला उतरायचं तर वकिलाने आधी दोन नियम मोडायचे. आवाजाचीही फॅमिली कोर्टात फारशी मातबरी नाही. १९८४ च्या कायद्याचं कलम १३ सांगतं, की तिथे वकील उभा करणं हा पक्षकाराचा हक्क नव्हे, त्याला कोर्टाची परवानगी लागते. शिवाय न्यायाधीशांनी आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो. हे ऐकून काका दुखावतात. ‘‘समेटच करायचा तर मी काय मेलो होतो?’’

शाहबानो खटला हा काकांचा हुकमी एक्का. खटला इंदूरचाच, आणि नवरा स्वतः वकील. १९७८ मध्ये शाहबानो कोर्टात गेल्या. १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी महिना २५ रुपये पोटगी ठरवली. १९८० मध्ये हायकोर्टाने ती १७९ रुपये २० पैसे केली आणि नवऱ्याचं अपील सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये फेटाळलं. काका त्या वीस पैशांवर असा जोर देतात, की ते जणू त्यांनीच भांडून मिळवले. तात्पर्य मात्र श्रोत्यांवर ठरतं. मुलीकडचे असले तर, ‘‘वकील असून हरला!’’ मुलाकडचे असले तर, ‘‘पण सात वर्षं ताणलं की नाही?’’

काकांची खरी पंचाईत झाली ती सख्ख्या पुतणीपुढे. ती इंदूरला नोकरीला. तिचं लग्न मोडायची वेळ आली, तेव्हा पोहे-जिलबी खाता खाता काकांनी तिच्यापुढे तीन वकिलांची नावं टाकली.

‘‘यांतलं कोण नेहमी फॅमिली कोर्टात काम करतं, काका? तारखेला स्वतः येणार की ज्युनिअरला पाठवणार? फी किती, टायपिंग-नोटरी धरून का? पावती मिळेल?’’

जिलबी हातातच राहिली. तिघांबद्दल काकांना माहीत होतं ते एवढंच, की एकाची सासुरवाडी देवासची, दुसऱ्याचे वडील मिलमध्ये बरोबर होते आणि तिसरा चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

‘‘नाहीतर विधी सेवा प्राधिकरण आहेच,’’ पुतणी म्हणाली. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलेला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, चौकशीला १५१०० हा नंबर आहे.

‘‘फुकटचा वकील? अगं, लोक काय म्हणतील!’’ काकांनी मोर्चा वळवला. ‘‘आणि दोघांची संमती असली तरी अर्जानंतर सहा महिने थांबावंच लागतं.’’

‘‘तेही कोर्ट माफ करू शकतं. २०१७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, अमरदीप सिंगचा.’’

‘‘तो आपल्या ओळखीतला नाही,’’ काका म्हणाले आणि जिलबी संपवली.

वकील शेवटी तिनेच शोधली. तरी काका सोबत गेलेच. वकीलबाईंनी वकालतनामा पुढे केला तेव्हा काकांनी पेनचं टोपण काढून ठेवलं होतं. पुतणी मात्र एकेक ओळ वाचत बसली. मग पगार, कर्ज, दागिने या सगळ्याचं शपथपत्र निघालं. पोटगीच्या मागणीत दोन्ही बाजूंनी ते द्यावं, असं २०२० पासून सुप्रीम कोर्टाचं सांगणं आहे. नवऱ्याचा पगार लग्न जमवताना काकांनीच सांगितला होता. तो आता कागदावर येणार म्हटल्यावर त्यांना अचानक पाणी प्यावंसं वाटलं.

सुनावणीच्या दिवशी आणखी एक कलम आडवं आलं. एका पक्षानेही इच्छा दाखवली तर कामकाज बंद दाराआड चालतं. पुतणीने तशी इच्छा दाखवली आणि काका बाहेर बाकावर आले. ती परतली तेव्हा शेजारच्या अनोळखी कुटुंबाची फाइल काकांच्या मांडीवर होती. ‘‘शाहबानोचं सांगतो,’’ चष्मा पुसत ते म्हणत होते, ‘‘पण आधी कळू द्या, तुम्ही मुलीकडचे की मुलाकडचे?’’